शाळेच्या कार्यालयातले घड्याळ पुन्हा कसे चालू झाले

फी भरायला कार्यालयात येणारे पालक हल्ली भिंतीकडे बघून हमखास विचारतात, "हे चालतं का हो? आम्ही शाळेत होतो तेव्हा तर बंदच होतं." होय, चालते. तासाचे टोले देते, अर्ध्या तासाला एक टोला देते, आणि बाहेरच्या व्हरांड्यातल्या मुलांना मधल्या सुट्टीची चाहूल घंटेच्या आधीच लागू लागली आहे, अशी शिक्षकांची तक्रारही आहे. हे घड्याळ कसे दुरुस्त केले ते मुलांना समजेल असे लिहून द्या, असे मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितले, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच सांगतो, मी घड्याळजी नाही. आयुष्यभर बँकेत खतावण्या जुळवल्या आणि निवृत्तीनंतर घड्याळे उघडायची हौस लागली. तेव्हा हा हौशी माणसाचा लेख आहे आणि त्यात हौशी माणसाच्या चुकाही आहेत.

गेल्या वर्षी दिवाळीआधी जुन्या सामानाची यादी झाली. मोडकी बाके, गंजलेले कपाट आणि त्याखाली "भिंतीवरील घड्याळ, बंद, १ नग". विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना होत्या. एक, भंगारात द्यावे. दुसरी सूचना जास्त समजूतदार वाटणारी होती : लाकडी पेटी चांगली आहे, आतले यंत्र काढून टाकावे आणि सेलवर चालणारे क्वार्ट्झचे यंत्र बसवावे. खर्च दीड-दोनशे रुपये, काम अर्ध्या तासाचे. हा मार्ग आज घरोघर वापरला जातो आणि त्यात गैर काही नाही. क्वार्ट्झच्या यंत्रातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. वेळेच्या अचूकपणात लंबकाचे घड्याळ त्याच्या आसपासही येत नाही. पण एकदा पितळी यंत्र किलोच्या भावाने गेले की ते परत येत नाही, आणि मग उरते ती फक्त घड्याळाच्या आकाराची पेटी. मी मंडळाकडे एक महिना मागितला. महिन्यात चालले नाही तर मीच क्वार्ट्झचे यंत्र आणून बसवीन, असेही सांगितले.

हे सांगताना मनात धाकधूक होती. तिचे कारण आमच्या घरी भिंतीवर लटकते आहे.

माझ्या आजोबांचे घड्याळ नांदेडहून आले. त्या वेळी नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण आमचे वडील नोकरीमुळे इथेच राहिले आणि घड्याळ गोधडीत गुंडाळून रेल्वेने इथे आले. ते दर थंडीत बंद पडायचे आणि संक्रांत उलटली की आपोआप चालायचे. घरात याचे नाना अर्थ लावले जात. खरे कारण मला फार उशिरा कळले. आजोबा त्यात खोबरेल तेल घालत. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री त्याहून बऱ्याच थंड असतात. डोक्याला लावायच्या बाटलीतले तेल थंडीत गोठलेले आपण सगळेच पाहतो. तेच घड्याळाच्या आसांच्या टोकांना होत होते. उन्हाळ्यात ते पातळ व्हायचे, पण वर्षे गेली तसे त्याचे चिकट डिंकासारखे थर साचले आणि एका वर्षी घड्याळ उन्हाळ्यातही चालेना.

मग मी ते उघडले. एकट्याने, रविवारी दुपारी. वेळ चालवणारी स्प्रिंग उतरली होती, कारण घड्याळ बंद होते. टोल्यांची स्प्रिंगही उतरलीच असणार असे मी धरून चाललो, कारण टोले पडत नव्हते. पण टोले पडत नव्हते ते घाणीमुळे. स्प्रिंगला मात्र पूर्ण चावी होती. पितळी पट्ट्यांचे चार नट काढून वरची पट्टी उचलली, तशी ती पोलादी पट्टी एका क्षणात उलगडली. दोन चाकांचे दाते ओळीने गेले, एक आस वाकला आणि माझ्या अंगठ्याला चार टाके पडले. ते दाते नव्याने पाडून देणारा कारागीर मला आजवर मिळालेला नाही. आजोबांचे घड्याळ दिवाणखान्यात आहे, दिसायला सुंदर आहे आणि कायमचे मुके आहे.

त्यानंतर जुन्या शहरात एका वृद्ध घडीसाजांकडे मी दोन वर्षे जात होतो. (इथे घड्याळजीला घडीसाज म्हणतात.) त्यांचे दुकान आता नाही. पहिल्या दिवशी त्यांनी माझा अंगठा पाहिला, हसले, आणि एकच गोष्ट सांगितली, "पहले सुनो, बाद में खोलो." पुढे शाळेच्या घड्याळाचे निम्मे काम त्या एका वाक्याने केले. ते समजायला यंत्र कसे चालते ते थोडे पाहावे लागेल.

मित्रांनो, भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळात खरे तर दोन यंत्रे शेजारी-शेजारी असतात. तबकडीवर दोन भोके दिसतात. बहुतेक घड्याळांत उजवीकडचे वेळेच्या यंत्राचे आणि डावीकडचे टोल्यांच्या यंत्राचे. प्रत्येकाची स्प्रिंग वेगळी. चावी देतो म्हणजे आपण पोलादाची लांब पट्टी गुंडाळून घट्ट करतो. ती उलगडू पाहते आणि दातेरी चाकांची रांग फिरवते. मोकळे सोडले तर चाके भर्रकन फिरून मिनिटभरात सगळा खेळ आटोपेल. त्यांना अडवायला रांगेच्या शेवटी नांगराच्या आकाराचा एक पोलादी तुकडा असतो. त्याला दोन टोके. लंबक एकीकडे गेला की नांगराचे एक टोक शेवटच्या चाकाचा दात सोडते आणि दुसरे टोक पुढचा दात धरते. तो आवाज म्हणजे टिक. लंबक परत आला की उलट होते, तो टॉक. सुटणारा प्रत्येक दात जाता जाता नांगराला हलकासा धक्का देतो आणि तो धक्का एका बारीक दांडीवाटे लंबकाला मिळतो, म्हणून लंबक थांबत नाही. स्प्रिंग लंबकाला चालवते आणि लंबक स्प्रिंगला आवरतो. हे जमवणारे पहिले घड्याळ हॉलंडच्या ख्रिश्चन हायगेन्स याने १६५६ मध्ये केले.

आता ऐकण्याची गोष्ट. लंबक मधोमध असताना नांगराची दोन्ही टोके दातांपासून सारख्या अंतरावर हवीत. तसे असेल तर टिक आणि टॉक यांच्यात सारखा वेळ जातो. घड्याळ एका बाजूला कलले असेल तर आवाज "टिक-टॉक....टिक-टॉक" असा लंगडतो. तबला शिकणाऱ्या मुलांना हे चटकन कळेल, ठेक्यातली एक मात्रा आखूड आणि एक लांब. असे लंगडणारे घड्याळ थोडा वेळ चालते आणि थांबते. माणसाला वाटते यंत्र बिघडले. बंद पडलेली कितीतरी घड्याळे निव्वळ एवढ्यासाठी बंद असतात : रंगारी आले, घड्याळ उतरवले, परत लावताना खिळा अर्धा इंच सरकला.

शाळेच्या घड्याळाला मी आधी नुसती चावी दिली. "जास्त चावी दिल्यामुळे बिघडले" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य नाही. पूर्ण चावी दिलेले घड्याळ चालत नसेल तर कारण दुसरीकडे असते, बहुधा सुकलेल्या तेलात. चावी देऊन लंबक हलवला. ठेका स्पष्ट लंगडा होता. पेटीचे खालचे टोक बोटाने हळूहळू सरकवत गेलो. एका जागी आवाज सम झाला, तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण केली. कार्यालयातल्या लेखनिक बाई टायपिंग थांबवून ऐकत होत्या. चाळीस मिनिटे घड्याळ उत्तम चालले आणि मग थांबले. पुन्हा चालवले, वीस मिनिटे. ठेका सम असूनही थांबते, म्हणजे आता उघडायला हवे.

(पेटी तिरकी ठेवून ठेका सम होतो, पण तिरके घड्याळ डोळ्याला खुपते. मग पेटी सरळ करून लंबकाला धक्का देणारी ती बारीक दांडी किंचित वाकवायची. नियम असा : ठेका सम व्हायला घड्याळाची जी बाजू उचलावी लागली, त्या बाजूला दांडी वाकवायची. केसभर वाकवा, ऐका, पुन्हा वाकवा. हे काम घरी कोणालाही करता येईल आणि त्याला यंत्र उघडावे लागत नाही.)

यंत्र पेटीतून काढून आमच्या कुकटपल्लीच्या घरी आणले. तबकडी काढल्यावर यंत्र ओळखू आले : जपानच्या सेइकोशाचे. टोकियोचा हा कारखाना किंतारो हत्तोरी याने १८९२ मध्ये सुरू केला आणि भिंतीवरच्या घड्याळांपासूनच सुरुवात केली. अशा यंत्रात स्प्रिंग डब्यात बंद नसते, उघडीच असते. माझ्या अंगठ्याने ती जात ओळखली.

पुढचा भाग मुलांनी वाचावा, पण मोठे माणूस बरोबर नसताना करू नये. यंत्राला हात लावण्याआधी दोन्ही स्प्रिंगा उतरवायच्या. त्या उतरलेल्या दिसत असल्या तरीही. चावीच्या चाकाला एक छोटा खटका असतो. चाक उलटे फिरू नये म्हणून तो दातांत अडकतो, आणि चावी देताना येणारा कर्र-कर्र आवाज त्याचाच. किल्ली घट्ट धरायची, किंचित पुढे फिरवून खटक्यावरचा भार काढायचा, खटका पेचकसाने मागे धरायचा आणि किल्ली मुठीत घसरू देत स्प्रिंग हळूहळू सोडायची. नेहमीच्या चपट्या किल्लीने हे करू नये. ती हातातून निसटली की पंख्याच्या पात्यासारखी फिरते. मी कानशीच्या जाड लाकडी मुठीत खाच पाडून त्यात किल्ली बसवली. गोल मूठ हातात फिरते पण मारत नाही. दोन्ही स्प्रिंगा सोडण्याआधी त्यांच्याभोवती जाड तारेचे कडे घातले, म्हणजे त्या कड्यापेक्षा जास्त फुलणार नाहीत. डोळ्यांना चष्मा, शेजारी दुसरे माणूस. आमच्या सौ. फोन हातात धरून उभ्या होत्या, फोटोसाठी की डॉक्टरांसाठी हे त्यांनी सांगितले नाही.

फोटो मात्र खरोखर उपयोगी पडतात. पूर्वी घड्याळजी शिकाऊ मुलाकडून प्रत्येक चाकाचे चित्र काढून घेत. आज प्रत्येक पायरीला मोबाईलवर दोन फोटो काढले की झाले. सुटे भाग ठेवायला मी इडलीपात्र घेतले. एका वाटीत वेळेच्या बाजूची चाके, दुसरीत टोल्यांची, तिसरीत नट. दोन स्प्रिंगा दिसायला सारख्याच असतात, त्यांना दोरा बांधून खूण केली.

उघडल्यावर दिसले ते हे : एकही दात तुटलेला नाही, एकही आस वाकलेला नाही. फक्त प्रत्येक भोकाभोवती काळी, डांबरासारखी घाण. कधीतरी कोणीतरी घड्याळाच्या पेटीत रॉकेलचा बोळा ठेवला असावा, किंवा वरून फवारा मारला असावा. जुन्या लोकांचा हा आवडता उपाय. त्याने घाण सैल होते, घड्याळ महिनाभर चालते, आणि मग तीच सैल झालेली घाण धुळीसकट भोकांत जाऊन बसते.

स्वच्छतेत जादू नाही, कष्ट आहेत. ब्रशने रॉकेल लावून चाके घासली, मग साबणाच्या कोमट पाण्यात धुतली आणि लगेच केस वाळवायच्या यंत्राने पूर्ण कोरडी केली, कारण पोलादाला पाणी राहिले तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. काम गच्चीत केले, जवळपास विस्तव नाही. भोके आतून साफ करायला टूथपिक. काडी भोकात फिरवायची, काळी होऊन येते, टोक कापून पुन्हा फिरवायची. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. अशी ऐंशीच्या वर टूथपिके लागली. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या, आणि खरी दुरुस्ती ती होती.

एक भोक मात्र स्वच्छ करूनही बरे होणारे नव्हते. टोल्यांच्या बाजूचे एक भोक घासून अंडाकृती झाले होते, त्यामुळे चाक तिरके बसून पुढच्या चाकात रुतत होते. अशा वेळी काही कारागीर भोकाच्या कडेला टोचे मारून पितळ आत दाबतात. भोक आवळते, पण पट्टीला जन्माचे डाग पडतात आणि दोन वर्षांत पुन्हा तेच. योग्य उपाय म्हणजे भोक गोल मोठे करून त्यात पितळेची नवी चकती ठोकून बसवणे, आणि ते नेमके जुन्या मध्यबिंदूवर. हे माझ्या हाताला जमणारे काम नाही, हे मला अंगठ्यामुळे माहीत आहे. इथे शेजार कामाला आला. नर्सापूर रस्त्यावरच्या एचएमटीत घड्याळे कधी बनली नाहीत. एचएमटीची मनगटी घड्याळे १९६१ पासून बंगळूरला बनू लागली आणि तो घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. आपल्याकडे बनत ती यंत्रे बनवणारी यंत्रे. पण त्यामुळे आपल्या भागात लेथवर अर्धे आयुष्य घालवलेली माणसे आहेत. शाळेतल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा त्यांपैकी. त्यांनी पट्टी नेली, तीन दिवसांनी आणून दिली. नवी चकती कुठे आहे ते भिंग घेऊनच शोधावे लागते. पैसे विचारल्यावर रागावले.

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. फोटो उलट क्रमाने पाहत जायचे आणि वरची पट्टी बसवताना कोणताही आस जबरदस्तीने भोकात ढकलायचा नाही. तेलाबद्दल मात्र लिहायला हवे. खोबरेल नको हे आलेच. शिवणयंत्राचे तेलही नको, ते पातळ असते, पसरते आणि जिथे हवे तिथून निघून जाते. घड्याळाचे तेल वेगळे मिळते, छोटी बाटली, वर्षानुवर्षे पुरते. सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब प्रत्येक भोकाला, नांगराच्या दोन्ही टोकांना, आणि स्प्रिंगला थोडेसे. चाकांच्या दातांना अजिबात नाही. हे ऐकून सगळ्यांना नवल वाटते. दातांवर तेल असले की धूळ चिकटते, आणि धूळ-तेलाचा तो लेप मऊ पितळेत रुतून समोरच्या पोलादाला कानशीसारखा घासतो. दाते कोरडेच चालतात.

घड्याळ चालू झाले आणि नऊ वाजता चार टोले पडले. कार्यालयात सगळे हसले. यात बिघाड काही नव्हता. जुन्या पद्धतीच्या यंत्रात टोले मोजायला एक चाक असते, त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा. एक टोला, मग खाच, दोन टोले, मग खाच, असे बारापर्यंत. या चाकाला काटे कुठे आहेत याचा पत्ताच नसतो. ते फक्त आपली पाळी आली की पुढच्या खाचेपर्यंत टोले देते. म्हणून अशा घड्याळाचे काटे चुकीचे फिरवले, मधले टोले पडू न देता पुढे नेले किंवा बाराच्या मागे उलटे नेले, की हिशेब चुकतो. सोपा उपाय असा : घड्याळाने जितके टोले दिले तितक्यावर तास काटा हाताने सरकवून ठेवायचा (बहुतेक घड्याळांत तो नुसता दाबून बसवलेला असतो), आणि मग मिनिट काटा सावकाश पुढे नेत, प्रत्येक तासाला आणि अर्ध्या तासाला थांबून टोले पडू देत, खऱ्या वेळेवर आणायचा. चारावरून नवावर यायला आम्हाला पाऊण तास लागला, कारण सातवीच्या मुलांनी प्रत्येक तासाला टोले मोजायचा आग्रह धरला. त्याच मुलांनी गणितही केले. १ ते १२ यांची बेरीज ७८, अर्ध्या तासांचे १२, म्हणजे बारा तासांत ९० टोले आणि दिवसाला १८०. सालारजंग संग्रहालयातल्या प्रसिद्ध संगीत घड्याळापुढे दर तासाला गर्दी जमते, दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो. तिथे मुलांना न्याल तेव्हा पुतळ्याइतकेच हेही विचारा, की किती टोले द्यायचे हे त्याला कोण सांगते.

उरले वेळ लावण्याचे काम. ते नववीच्या मुलांनी केले आणि माझ्यापेक्षा चांगले केले.

लंबकाचा झोका किती वेळ घेतो हे त्याच्या लांबीवर ठरते, गोळा किती जड आहे यावर नाही. झोका लहान असला तर तो किती मोठा यावरही जवळजवळ नाही. आपल्या घड्याळाचे मिनिटाला १२० ठोके पडायला हवेत, म्हणजे एक पूर्ण झोका, जाऊन येऊन, एक सेकंद. त्यासाठी हैदराबादेत साधारण २४.८ सेंटिमीटर लांबी लागते. घरी करून पाहा : दोऱ्याला जड नट बांधा, टांगण्याच्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत २४.८ सेंटिमीटर मोजा, आणि एका मिनिटात ६० झोके येतात का बघा. लांबी चौपट करा, ९९ सेंटिमीटर, मिनिटाला ३० येतील.

लंबकाच्या गोळ्याखाली एक छोटा नट असतो. नट वर चढवला की गोळा वर जातो, लंबक आखूड होतो, घड्याळ जलद चालते. खाली उतरवला की सावकाश. मुलांनी हिशेब केला की दिवसाला एक मिनिट बदलायला गोळा फक्त एक तृतीयांश मिलिमीटर हलवावा लागतो. नटाचा एक पूर्ण वेढा म्हणजे जवळजवळ दोन मिनिटे. म्हणून घाई करणारा माणूस इथे नेहमी हरतो : सकाळी नट फिरवतो, दुपारी पुन्हा फिरवतो. एकदा फिरवून चोवीस तास थांबायचे, मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहायचे, मगच पुढचे.

वहीत पहिल्या दिवशी लिहिले आहे, "६ मिनिटे मागे". तीन वेढे वर. दुसऱ्या दिवशी, "२५ सेकंद पुढे". पाव वेढा खाली. तिसऱ्या दिवशी, "५ सेकंद मागे". मुले खूश झाली. पण आठवडाभर नोंद ठेवल्यावर दिसले की सोमवारी चावी दिल्यावर दोन दिवस घड्याळ रोज दहा-पंधरा सेकंद पुढे जाते आणि शनिवार-रविवारी तेवढेच मागे पडते. घट्ट स्प्रिंग जास्त जोराने ढकलते, सैल झाली की कमी. म्हणून एका दिवसावरून निर्णय करायचा नाही, आठवड्याची बेरीज पाहायची, आणि चावी दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळी द्यायची. आठवड्याचा फरक आता अर्ध्या मिनिटाच्या आत आहे.

एका मुलीने विचारले, की कारखान्यातून तर ते बरोबर लावूनच आले असेल ना? प्रश्न उत्तम आहे. टोकियोत बरोबर लावलेले घड्याळ, काहीही न हलवता, हैदराबादेत दिवसाला सुमारे एक मिनिट मागे पडेल. विषुववृत्ताच्या दिशेने येताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होत जाते. आपण समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटर उंचावरही आहोत. ओढ कमी, म्हणून झोका सावकाश. हे प्रथम ध्यानात आले ते १६७२ मध्ये. झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला आणि त्याचे घड्याळ रोज अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने लंबक आखूड केला. पुढे न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे हे सांगताना या निरीक्षणाचा आधार घेतला. तो नट आपल्या मुलांनी फिरवला त्याच दिशेने फिरला होता.

एक काम अजून बाकी आहे. उष्णतेने धातू लांबतो. आपल्या लंबकाची दांडी पोलादी तारेची आहे, तेव्हा डिसेंबरात लावलेले घड्याळ मे महिन्यात, खोली पंधरा अंशांनी तापली तर, दिवसाला सात-आठ सेकंद मागे पडायला हवे. निदान गणित तसे म्हणते. प्रत्यक्षात तसे होते का ते पाहायला वही उन्हाळाभर भरावी लागेल. पण शाळेला सुट्टी, नववीची मुले दहावीच्या क्लासला, आणि चावी दर सोमवारी द्यायची. मी मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला आहे. किल्ली शिपाईमामांच्या खणात आहे, वही तिच्याखाली. ज्यांना सोमवारी सकाळी कार्यालयात येणे जमेल त्यांनी बाईंकडे नाव द्यावे. घड्याळ थांबले तर काटे उलटे फिरवू नयेत.